टाक्याचा पहिला दगड

(सह्याद्रीच्या कुशीतील एका वाडीत दगडी टाके बांधण्यासाठी भरलेल्या कार्यकर्ता शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी केलेले भाषण.)



उद्या सकाळी आपण या वाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याशेजारी, पहिली पहार मारणार आहोत. आठवडाभर तुम्ही दगड फोडणार, वाहणार, रचणार. तुमच्या उत्साहाविषयी मला मुळीच शंका नाही. आजवर अशा अनेक शिबिरांत मी उत्साह पाहिला आहे, आणि तो ओसरल्यानंतर त्या त्या गावी काय उरले तेही पाहिले आहे. म्हणून आज रात्री श्रमाचे गोडवे गाण्याऐवजी काही हिशेब मांडावेत, असे मी ठरविले आहे.

मराठीत ‘टाकी’ या एकाच शब्दाने दोन वस्तू ओळखल्या जातात. पाथरवटाच्या हातातील छिन्नी ही टाकी, आणि पाणी साठविण्याची तीही टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. घाव सोसणाऱ्या दगडाचा गौरव त्या म्हणीत आहे. घाव घालणाऱ्या माणसाला काय मिळाले, याबद्दल ती काही सांगत नाही. आपले आजचे बोलणे त्या माणसाविषयी आहे.

प्रथम टाके कशासाठी हवे ते पाहू. या वाडीचा झरा बारमाही आहे. पण मे महिन्यात त्याची धार मिनिटाला सुमारे तीन लिटरांवर येते. म्हणजे १५ लिटरांचा हंडा भरायला पाच मिनिटे लागतात. वाडीत ४० घरे, २०० माणसे. माणशी दिवसाला केवळ २० लिटर पाणी धरले, तरी ४,००० लिटर हवेत. म्हणजे सुमारे २६७ हंडे. प्रत्येकी पाच मिनिटे धरून गुणाकार करा: बावीस तासांहून अधिक वेळ होतो. याचा अर्थ असा की, रात्र आणि दिवस मिळून झऱ्यावर कोणी ना कोणी बाई हंडा लावून बसलेली असते. झरा दिवसाला ४,३२० लिटर पाणी देतो. गरजेपुरते पाणी आहे; ते धरून ठेवण्याची सोय नाही, म्हणून त्याची किंमत बायकांच्या झोपेने चुकती होते.

आपले टाके झऱ्यात एका थेंबाचीही भर घालणार नाही. ते फक्त रात्रीचे पाणी सकाळपर्यंत सांभाळील. रात्री बारा तासांत जमलेले २,००० लिटरांवर पाणी पहाटे चार नळांतून एकदम घेता आले, तर रांग मोडेल. एवढे साधे त्याचे काम आहे, आणि एवढ्या साध्या कामाने चाळीस घरांतील स्त्रियांना त्यांच्या रात्री परत मिळतील.

आता दुसरा हिशेब, श्रमाचा. आपण गोल टाके बांधणार आहोत: आतील व्यास ३ मीटर, पाण्याची खोली २ मीटर. त्यात सुमारे १४,००० लिटर पाणी मावेल, म्हणजे झऱ्याचे तीन दिवसांचे पाणी. भिंत ४५ सेंटिमीटर जाड आणि तळाशी दगडांची भक्कम फरसबंदी. हे सारे मिळून सुमारे १५ घनमीटर दगडी बांधकाम होते, आणि त्याचे वजन ३५ टनांच्या पुढे जाते. खाण खालच्या वळणावर आहे. तेथवर ट्रॅक्टर येतो, पुढे पाऊलवाट. पंचवीस किलोंची एक पाटी, या मापाने चौदाशे खेपा कोणाच्या तरी डोक्यावरून वर चढणार आहेत. कोणाच्या डोक्यावरून, हा प्रश्न तुम्ही मनात ठेवा.

काम कसे चालते तेही समजून घ्या, कारण ज्याला काम कळत नाही त्याला काम करणाऱ्याची योग्यता कळत नाही. आपला काळा दगड फोडताना आधी त्याची भेग, त्याचा पदर ओळखावा लागतो. नवखा माणूस दिवसभर घण मारून डबर काढतो. जाणता पाथरवट दगडावर सुतकी वाजवून नाद ऐकतो, ओळीने भोके घेतो, पाचरी ठोकतो, आणि शिळा सरळ दुभंगते. भिंत रचताना प्रत्येक थर पाणसळीत हवा, ओळंबा सुटता कामा नये, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा, आरपार जाणारा दगड घालावा लागतो. नाही तर आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती होतात आणि पाण्याच्या रेट्याने त्या अलग होतात. दोन मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला दोन टन असतो. दगड दाबाला खंबीर, पण ताणाला दुबळा. म्हणून टाके निम्म्याहून अधिक जमिनीत पुरायचे, भोवती मुरूम ठोकून भरायचा. म्हणजे आतून पाण्याचा रेटा आला तर मागून जमिनीचा आधार मिळतो, आणि टाके रिकामे असताना बाहेरून मातीचा रेटा आला तर गोल भिंत कमानीसारखी त्याला तोंड देते.

आपल्या जुन्या कारागिरांना हे सारे ठाऊक होते. नुसता चुना पाण्याखाली नीट धरत नाही, म्हणून भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळून तो घाणीत मळावा, हे त्यांचे शास्त्र होते. आपण दर्जा भरायला आणि आतल्या गिलाव्याला सिमेंट वापरणार आहोत. पण भिंत आणि तळ जेथे मिळतात तेथे कोन न ठेवता गोलाई द्यायची, गिलावा दिवसच्या दिवस ओला ठेवायचा, नळ तळापासून वीतभर वर बसवायचा म्हणजे गाळ खाली राहतो, गाळ काढण्यासाठी तळाशी निराळे तोंड ठेवायचे, वरून झाकण घालायचे, आणि टाके प्रथम भरताना रोज हातभरच पाणी चढवून भिंतीवर नजर ठेवायची, हे जुनेच नियम आहेत. ते या शिबिरात आपल्याला शिकविणार आहेत खालच्या पालांवरून आलेले वडार कारागीर. गाडी वडार, माती वडार, पाथरवट अशा नावांनी ओळखली जाणारी ही माणसे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांची नोंद आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी गावोगावच्या विहिरी आणि बांध उभे केले, आणि त्यांना स्वतःला मात्र काम संपताच पाल उचलून पुढे जावे लागले.

मुंबईजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तेथे विहाराजवळ खडकात कोरलेली पाण्याची टाकी आज सुमारे दोन हजार वर्षांनंतरही दिसतात. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. ती कोणी दान केली, हे त्या लेखांत कोरलेले आहे: व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी. ती दाने उदारपणाने दिलेली होती, त्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्याने तो खडक महिनोन्महिने आतून पोखरला, त्याचे नाव आपल्याला बहुधा सापडत नाही. दात्याचे नाव कोरणाराही तोच होता, हे लक्षात घ्या. आजच्या सार्वजनिक कामांवरील संगमरवरी पाट्या वाचा. दोन हजार वर्षांत या रीतीत फारसा फरक पडला नाही, असे दिसून येईल.

आता मी माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका गावी आम्ही श्रमदानाने टाके बांधले. जागा एका मोठ्या शेतकऱ्याची होती. त्याने भर सभेत तोंडी परवानगी दिली, आम्ही टाळ्या वाजविल्या, कागद केला नाही. कारागीर वडार होते. सगळा गाव फुकट राबतो आहे, तुम्हीही थोडे सोसा, असे सांगून त्यांची मजुरी आम्ही निम्म्यावर आणली. उद्घाटनाचे भाषण मीच केले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर केले. पुढे तिसऱ्या उन्हाळ्यात टाक्यावर मोटर बसली आणि पाणी त्या शेतकऱ्याच्या कलमांच्या बागेत जाऊ लागले. बायका पुन्हा झऱ्याकडे गेल्या, तर झऱ्याचे पाणी आम्हीच नळी घालून टाक्यात नेलेले! पूर्वी निदान रात्री बसून हंडा भरत होता. आता तोही भरेना. मी विचारायला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मला एवढेच सांगितले, “भाऊ, तुमी पानी येका जागी गोळा करून दिलंत, त्येंनी उचललं.”

मित्रांनो, त्या बाईने सांगितले ते मला कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते. वाहते पाणी पळविणे अवघड असते. साठविलेले पाणी ही मालमत्ता होते, आणि मालमत्तेला मालक फुटतो. टाके बांधले म्हणजे रांग संपते, पण त्याच क्षणी चावी जन्माला येते. ती चावी कोणाच्या कनवटीला लागणार, हे ज्या कामात आधी ठरलेले नसते, तेथे ती गावात ज्याचा हात आधीच वर आहे त्याच्याकडेच जाते. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

म्हणून श्रमदान या शब्दाकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. दान हे आपल्याजवळ शिल्लक असेल त्याचे होते. शहरातून आलेल्या आपल्या विद्यार्थी-साथींनी आठ दिवस घाम गाळला, तर ते दान आहे, आणि त्यांच्या शिक्षणाचा तो उत्तम भाग आहे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याने आठ दिवस फुकट राबणे हे दान नव्हे. ती जुनी वेठ आहे, फक्त तिला खादीचा सदरा घातलेला आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष खडी फोडायला आणि तळी खणायला उभे राहिले. त्यांनी भीक मागितली नाही, काम मागितले आणि कामाचे दाम मागितले. त्या मागणीच्या रेट्यातून रोजगार हमीची योजना वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. श्रमाचा मोबदला हा उपकार नसून हक्क आहे, हे ज्या राज्यातील कष्टकऱ्यांनी देशाला शिकविले, त्या राज्यात आपण समाजवादी म्हणविणाऱ्यांनी श्रमदानाच्या नावाखाली मजुरी बुडवावी, हे आपल्याला शोभत नाही.

पाण्याच्या हक्काची परंपरा आपल्याकडे याहूनही जुनी आहे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुढे १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी, सरकारने लष्कर आणि पोलीस खात्यातील माणसे लावून ठिकठिकाणी बंधारे घालावेत आणि पावसाचे पाणी शेतात मुरवावे, अशी सूचना केली. पाणी अडविणे आणि पाणी सर्वांना देणे ही दोन कामे त्यांच्या दृष्टीने निराळी नव्हती. आपण मात्र ती निराळी केली: पहिले काम अभियंत्यावर सोपविले आणि दुसरे ठरावावर.

ठरावाचे काय होते ते महाडला दिसले. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागद तयार होता. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा कुठे तो कागद जिवंत झाला. त्या पाण्याबद्दल माणसांनी मार खाल्ला. पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ साल उजाडले. पाण्याच्या ओंजळीसाठी दहा वर्षे! आणि स्वातंत्र्यानंतरही, १९७०च्या दशकात, डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्राची गावे पालथी घालावी लागली. आज कोणी उघडपणे पाणवठा बाटला असे म्हणणार नाही. पण नळ कोणत्या आळीच्या तोंडाशी बसवायचा, आणि धार बारीक झाली की कोणत्या वस्तीचे पाणी आधी बंद होते, हे तुम्ही कोणत्याही गावात जाऊन पाहा.

याच्या उलट उदाहरणही आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर माणसांच्या संख्येवर वाटायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, उसाला मनाई, आणि जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ही योजना सर्वत्र टिकली वा पसरली असे नाही. परंतु जमीन नसलेल्या माणसाचाही पाण्यावर हक्क असू शकतो, ही गोष्ट तिने मातीत उतरवून दाखविली.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. एक साथी मघाशी म्हणाले, पाणी पुरविणे हे सरकारचे काम. आपण दगड वाहून सरकारला मोकळे का करावे? आक्षेपात तथ्य आहे. २०१९ साली घरोघरी नळाने पाणी देण्याची योजना केंद्र सरकारने जाहीर केली. डोंगरातल्या वाड्यांवर नळ बसविणे एक आणि त्या नळाला मे महिन्यात पाणी असणे दुसरे. ती मागणी आपण सोडणार नाही. टाके बांधून झाले की त्याच वाडीकरांना घेऊन तहसीलवर जाऊ. पण तोवर या बायकांना रात्री जागविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे. कागद, ठराव, दस्त काढत बसलात तर लोकांचा उत्साह मावळेल. आधी काम करू, हक्काचे नंतर पाहू. मी स्वतः एकदा असेच म्हणालो होतो, आणि त्याचे फळ तुम्हाला सांगितले. भिंत उभी राहीपर्यंत बड्या माणसालाही आपल्या श्रमाची गरज असते. तोवर तो सही करील. भिंत झाल्यावर त्याला आपली गरज उरत नाही. हक्काचे बोलणे करायचे तर ते पहिल्या दगडाआधीच केले पाहिजे.

म्हणून उद्या कामाला हात लावण्यापूर्वी वाडीची सभा भरवावी आणि तिच्यापुढे पाच गोष्टी ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. पहिली: झऱ्याची आणि टाक्याची जागा नोंदणीकृत दस्ताने ग्रामपंचायतीच्या नावे व्हावी आणि सात-बारावर तशी नोंद व्हावी, जागेच्या मालकाने आज होकार दिला आहे, सहीची तारीखही आजच ठरावी. दुसरी: पाणी माणशी वाटले जाईल, आणि टाक्यावर मोटर कधीही बसणार नाही. तिसरी: चारही नळ सार्वजनिक वाटेवर असतील, आणि चावी ज्या समितीकडे राहील तिच्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असतील, बौद्धवाडीच्या आणि कातकरी वस्तीच्या स्त्रियांशिवाय ती समिती पूर्ण मानली जाणार नाही. चौथी: वडार कारागिरांना आणि हातावर पोट असलेल्या प्रत्येकाला पुरी मजुरी, स्त्री-पुरुषांना सारखी, पैसे कमी पडले तर शिबिराचा मांडव आणि समारोपाचे जेवण रद्द करावे. दगडाची कपची डोळ्यात उडू नये म्हणून चष्मे आणि धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला फडके, हा खर्च मजुरीत धरू नये. पाचवी: टाक्यावर पाटी लावायचीच असेल तर हजेरीपटावरील सगळी नावे लावावीत, तेवढी जागा नसेल तर एकही नाव लावू नये.

या पाचांपैकी एखादी गोष्ट सभेला मान्य झाली नाही तर काय? तर दुपारपर्यंत चर्चा करू, परवापर्यंत करू. आठ दिवसांचे शिबिर सहा दिवसांचे होईल, भिंत हातभर कमी उंच होईल. ती पुढच्या वर्षी चढविता येते. चुकीच्या हाती गेलेली चावी परत मिळविणे किती कठीण असते, हे मी पाहिले आहे.

डॉ. लोहिया कार्यकर्त्यांना फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने सांगत. आपल्यापैकी काहींनी फावडे उचलले आणि बाकीची दोन विसरले. ते सद्गृहस्थ झाले. काहींनी मतपेटीच धरली. ते पुढारी झाले. ज्या बाईने मला पाणी गोळा करून दिल्याबद्दल बोल लावला, तिच्या उपयोगी दोघेही पडले नाहीत. तिच्या उपयोगी पडेल असे टाके बांधायचे, तर जी माणसे दगड फोडतील त्यांच्या हातीच पाण्याचा अधिकार राहिला पाहिजे. उद्याच्या सभेला वाडीतील बायका याव्यात म्हणून ती सकाळी नऊनंतर ठेवा, कारण त्याआधी त्या झऱ्यावर असतात. आणि आज रात्री ज्यांना झोप येणार नाही, त्यांनी झऱ्यावर जाऊन रांगेत बसलेल्यांचे दोन हंडे धरावेत. टाके कोणासाठी बांधायचे, ते तेथे कळेल.